भोंगाडे सरांची टरफलं

भोंगाडे सरांनी जन्मात मासळी खाल्ली नाही. पण दर रविवारी सकाळी स्टीलचा डबा घेऊन ते माझ्या दारात हजर. "झिंगे तू खाय गा, टरफलं मले दे!"

मी मालवणकडचा, आठवीतून शाळा सोडून आचारी झालेला. इथे हुडकेश्वरला त्यांच्या शेजारी राहतो. सर घरी एकटेच, कॉलेजात कॅन्सरच्या औषधावर संशोधन करतात. झिंग्याच्या टरफलातून म्हणे एक पदार्थ निघतो. त्याचे धुळीहून बारीक कण करायचे, त्या कणांच्या पोटात औषध भरायचं आणि थेट गाठीकडे धाडायचं.

"टरफल म्हणजे ऑटो, औषध म्हणजे सवारी. मधात कुठी उतरू द्यायचं नाही. समजलं?"

"नाही सर."

"मीबी अजून समजूनच राहिलो."

माझ्या आईला धंतोलीच्या दवाखान्यात केमो सुरू आहे. पहिल्या दिवसापासून सरच तिला आपल्या गाडीतून नेतात-आणतात. हे उपकार कसे फेडू, या धास्तीनं मी झिंगे जास्तच आणू लागलो. तरी टरफलं कमीच! एका रविवारी पाहतो तर आई झिंगे टरफलासकट चावतेय. केमोनं तोंड आलेलं, डोळ्यांत पाणी, तरी चावतेय.

"मास्तर सांगतत ना, टरफलात औषध घालतत म्हणून? मगे टाकूचा कित्याक?"

तेवढ्यात सर दारात. "थुका माय, थुका! रिकामा ऑटो हाय तो!"

"मगे सवारी कधी बसतली?"

सर डबा खाली ठेवून आईसमोर बसले. मग हळूच म्हणाले, "खोटं नाही बोलत, माय. अजून उंदरावरच चालू हाय. तुमच्या टायमावर नाही येणार. डॉक्टर देऊन राहिले, तेच आपलं."

आईनं उरलेले झिंगे सोलले आणि टरफलं त्यांच्या डब्यात टाकली. "न्या तर. दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडतली."

संध्याकाळी सोलकढी द्यायला मी सरांकडे गेलो. मागच्या खोलीत बरण्यांची रांग, प्रत्येकीवर रविवारची तारीख. आत टरफलं, धुऊन वाळवलेली.

"सर, ही कॉलेजात नेलीच नाहीत?"

"तिथं तयार पावडर येते, पाकिटात. हे नाही चालत."

"मग कशाला नेता?"

सरांनी पेला उगाच फिरवला. "रविवार लय मोठा असते गा. कोणाच्या दारी जायले हातात काहीतरी पाहिजे."

आईला सांगावं की नाही, मला अजून कळत नाही. ती आता दर रविवारी केमोनं बधिर झालेल्या बोटांनी स्वतः झिंगे सोलते, टरफलं तीन पाण्यांनी धुते आणि नऊ वाजल्यापासून दाराकडे बघत बसते.