दोन हात मोकळी जागा

एका जंगलात, मुलांनो, थंडी फार पडायची. कुठलं जंगल ते विचारू नका. तिथल्या प्राण्यांना वाईट वाटेल.

त्या जंगलातल्या एका गुहेत गिरजाकाकू नावाची अस्वलीण राहायची. तिचं पिल्लू बारक्या सारखं खोकायचं. गुहेच्या भिंतीत जुनी चूल होती, पण तिची ऊब सगळी धुराड्यातून वर जायची आणि धूर तेवढा घरात राहायचा. म्हणून काकूंनी चुलीच्या कोनाड्यात लोखंडी शेगडी बसवून घेतली. दाराची, छान.

शेगडी बसवणारा वानरमिस्त्री जाताना म्हणाला, "काकू, दार उघडलं की निखारा उडतो. पुढे दोन हात दगडी फरशी मोकळी ठेवा. गवत नको, पाला नको, लाकूड नको."

"दोन हात म्हणजे कुणाचे रे?"

"तुमचेच. माझे मला लागतात."

काकूंनी गवताची गादी उचलली, सरपण लांब नेऊन रचलं, फरशी झाडली. आता फक्त शेगडी पेटवायची राहिली होती.

इतक्यात जंगलाच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष कोल्हेसाहेब आले. मोकळी जागा दिसली की ते येतातच.

"वा, जागा मोकळी आहे!" साहेब म्हणाले. "पण ती मोकळी आहे हे लोकांना कळणार कसं? पाटी हवी."

पाटी आली. चांगली सागवानी. 'ही जागा मोकळी ठेवावी. हुकुमावरून.' ती फरशीच्या बरोबर मधोमध उभी राहिली.

मग एक सांबर पाटीला अंग घासून गेलं. म्हणून पाटीला जपायला बांबूचं कुंपण आलं. कुंपणाला जपायला रानडुक्कर आलं. ते बिचारं गार दगडावर बसणार थोडंच? त्याला पेंढ्याची गादी दिली.

"अहो साहेब, हे सगळं पेट घेईल ना!" काकू कळवळून म्हणाल्या. "मिस्त्रीनं बजावलंय."

"मिस्त्रीचं ऐकूनच तर एवढं केलं, काकू. आता तुम्ही कुंपणाच्या आत येऊ नका. जागा मोकळी ठेवायचीय."

"पण शेगडी आत आहे!"

"मग बाहेरून शेका की."

कोपऱ्यात बारक्या खोकत होता. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, मला त्या कोल्ह्याचा भयंकर राग येतो. मागे कोण हसलं?

दुसऱ्या दिवशी उद्घाटन ठरलं. शेगडीचं नव्हे, मोकळ्या जागेचं! गवताचा मांडव घातला, वाळक्या पानांची तोरणं लावली. साहेबांनी स्वतः शेगडी पेटवली. बगळा त्यांचं चित्र काढत होता, म्हणून दार सताड उघडं ठेवून, शेगडीकडे पाठ करून ते हसत हसत भाषण ठोकत उभे राहिले. बगळ्याला नाक जमेना.

निखारा उडाला. तो गादीवर पडला. रानडुक्कर पळालं. गादीवरून आग कुंपणाला, कुंपणावरून पाटीला, पाटीवरून मांडवाला लागली आणि शेवटी साहेबांच्या झुपकेदार शेपटीपर्यंत पोहोचली. साहेबांनी भाषण अर्धवट सोडून ओढ्यात उडी मारली.

काकूंनी आधी बारक्याला बाहेर नेऊन ठेवलं. मग रांजणभर पाणी ओतून आग विझवली, राख लोटली आणि शेगडीचं दार लावलं. धूर गेल्यावर बारक्याला आत आणलं. गुहा उबदार झाली. पिल्लू आईच्या मांडीवर न खोकता झोपलं.

तेवढ्यात शेपटीला पाला बांधून साहेब परत आले. काकूंना वाटलं, माफी मागतील. भोळी होती बिचारी!

साहेबांनी फरशी मोजली. दोन हात, अगदी स्वच्छ, काडीसुद्धा नाही.

"पाहा!" ते गरजले. "समितीनं जागा मोकळी करून दाखवली!"

उद्घाटनाला जमलेल्या प्राण्यांच्या टाळ्या कडाडल्या. साहेबांना शाल आणि श्रीफळ मिळालं. बिनपरवाना आग विझवल्याबद्दल काकूंना समज मिळाली.

तात्पर्य: जागा मोकळी करायची असेल, तर स्वतः झाडत बसू नये. तिच्यावर समिती बसवावी. बाकीचं काम एक निखारा करतो.