गुडघा वसूल करण्यात येईल

वहिनींचा उजवा गुडघा कायमचा रुसून बसला, नेमकं त्याच सुमारास सरकारने प्रत्येक नागरिकाला संरक्षण द्यायचं ठरवलं. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, असा खुलासा खात्याने पुढे केला आहे. योजनेचं नाव 'सरसकट संरक्षण'. काम असो वा नसो, आजारपणाचा खर्च सरकारचा. डॉक्टरांनी वहिनींना स्पष्टच सांगितलं होतं, गुडघा बदला, नाहीतर आधी काठी आणि मग खाट. बस आगारात हेडक्लार्क असलेल्या यजमानांच्या पगारात नव्या गुडघ्याची नुसती वाटीसुद्धा बसत नव्हती. म्हणून वहिनी कठड्याला धरत धरत तीन मजले उतरल्या आणि खात्यात गेल्या.

तिथे 'काम करणारे' आणि 'काम न करणारे' अशा दोन खिडक्या होत्या. सरसकटला दोन खिडक्या कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी तिसरी होती. ती बंद होती.

"काय करता?" पहिल्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"घरचं सगळं. पहाटे उठून पाणी भरते, डबे करते, सासूबाईंचं औषधपाणी, धुणं..."

"पगार?"

"इश्श, पगार कसला!"

"मग पलीकडे जा."

पलीकडच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "काहीच करत नाही ना?"

"असं कसं? पहाटे उठून पाणी भरते, डबे..."

"अहो, मग इकडे का आलात? योजना दोघांनाही आहे. पण एकच माणूस 'काम असो' आणि 'काम नसो' दोन्ही असला, तर आम्ही फाइल ठेवायची कुठल्या कपाटात?"

घरी येऊन वहिनींनी हे सांगितलं, तेव्हा यजमानांनी कपाळावर हात मारून घेतला. "एवढं साधं सुचलं नाही तुला? काही करत नाही म्हणायचं! लग्न झाल्यापासून मी चारचौघांत हेच सांगत आलोय. आजवर एकानेही शंका घेतली नाही."

वहिनींना ते लागलं. पण गुडघा त्याहून जास्त दुखत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीत मुकाट्याने तसं सांगितलं. खात्याचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला, आणि म्हणूनच निष्क्रियतेची प्रत्यक्ष पडताळणी करायला एक निरीक्षक घरी पाठवण्यात आला. अर्जदाराने सकाळपासून संध्याकाळपर्यंत काहीही करायचं नाही, निरीक्षकाने ते बघायचं.

वहिनी खुर्चीत बसल्या, हात मांडीवर. यजमानांनी रजा काढली होती. पहिल्याच धडाक्यात दूध उतू गेलं. मग त्यांनी सासूबाईंना रात्रीची गोळी सकाळी दिली आणि त्या बिचाऱ्या न्याहारीआधीच घोरू लागल्या. आगाराचा पांढरा सदरा लाल चादरीबरोबर भिजला आणि गुलाबी होऊन बाहेर आला. वहिनींनी हे सगळं दातावर दात धरून सोसलं. पण घरात आलेला माणूस दुपारपर्यंत चहाविना बसलाय, हे मात्र त्यांच्याच्याने बघवेना. आत यजमान साखर शोधत डबे आपटत होते. वहिनींची भुवई उडाली. वरची फळी. तो नाही, त्याच्या मागचा. हां, तोच!

निरीक्षकाने खिशातून पेन काढलं.

"अर्जदार महिला हाताने काही करत नाही, हे खरे आहे," अहवालात म्हटलं होतं. "तथापि केवळ भुवईच्या बळावर ती एक पूर्ण वाढ झालेला पुरुष दिवसभर राबवू शकते. सबब पद व्यवस्थापकीय."

व्यवस्थापकीय पद म्हणजे पहिली खिडकी, आणि पहिली खिडकी म्हणजे मालकाने भरायची वर्गणी, तीही रुजू झाल्यापासूनची. वहिनी रुजू झाल्या होत्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

"मालक कोण?" यजमान खिडकीत ओरडले.

"घर कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग मालक काय आम्ही?" कारकून म्हणाला. यजमानांचं तोंड बघून त्यालाही दया आली. तो हळूच पुढे वाकला. "एक करा. बाईंना कामावरून काढून टाका. काढलेल्यांना लगेच संरक्षण मिळतं."

हेडक्लार्कला मसुदा काय शिकवायचा? त्याच संध्याकाळी त्यांनी झोकात लिहिलं, 'आपल्या सेवेची आता आवश्यकता उरलेली नाही.' पोच म्हणून सही करताना वहिनींना वाईट वाटलं. मग राग आला. आणि मग, का कोण जाणे, फार हलकं वाटलं.

गुडघा मंजूर झाला. अट एकच होती. काढलेली व्यक्ती पुन्हा त्याच कामावर आढळल्यास दिलेला लाभ, म्हणजे गुडघा, वसूल करण्यात येईल.

नव्या गुडघ्याने वहिनी आता तिन्ही मजले टणाटण उतरतात आणि बागेत जाऊन बसतात. यजमानांची आगारातली सगळी रजा संपली. पाणी, डबे, धुणं, गोळ्या यांनी त्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी रिकाम्या जागेसाठी माणूस शोधायला घेतलं. एक बाई आल्या, बसल्या.

"पगार?"

"पगार नाही."

"सुट्टी?"

"तशी पद्धत नाही."

"निवृत्ती तरी?"

"तीही नाही. आणि कोणी विचारलं तर काही करत नाही म्हणायचं."

बाईंनी चपला घातल्या. चहासुद्धा घेतला नाही. तो यजमानांनीच केला होता, हेही कारण असू शकेल.

"मिळालं का कोणी?" बागेतून आलेल्या वहिनींनी विचारलं.

"छे! अटी ऐकूनच पळतात."

"अगंबाई! अटी कोणी ठरवल्या होत्या हो?"

यजमान सिंकमधली भांडी घासू लागले.

जागा अजून रिकामी आहे. इच्छुक वाचकांनी जरूर कळवावं. मात्र हे वाचताना तुमच्या हाताशी चहाचा कप असेल, आणि तो तिथे कसा आला हे तुम्हाला आठवत नसेल, तर तसदी घेऊ नये. तुमच्याकडे हे पद भरलेलं आहे.