वाघरीशेजारचा पेपर

परीक्षेला वीस मिनिटं उरली असताना सुप्रियाने घरात शेवटची तंबी दिली. टीव्ही बंद, मिक्सर बंद, शेजारच्या उज्ज्वलाकाकूंना वाटेतच अडवायचं आणि तासभर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

"आन खोकला आला तर?" जानकूने लेकीला विचारलं.

"गिळायचा. आबा, थट्टा नको. शेवटचा चान्स आहे माझा."

थट्टेसारखं खरंच काही नव्हतं. पुण्यातल्या एका संस्थेचा हिशेबनिसाचा कोर्स ती तीन वर्षं घरबसल्या, पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांवर करत होती. सगळे पेपर सुटले होते. लेखापरीक्षणाचा तेवढा दोनदा गेला होता. तिसऱ्यांदा गेला की नोंदणी रद्द. नारायणगावात धरमचंद शेठच्या बियाण्याच्या दुकानात ती सध्या गिऱ्हाइकांना पाकिटं काढून द्यायची. पास झाली तर हिशेबाच्या टेबलामागची खुर्ची तिची, असा शेठचा शब्द होता. शब्दाला मुदत दिवाळीची.

पेपर मोबाइलवर होता. तीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते चार क्रमांकाचे पर्याय, पासला बारा. कॅमेरा चालू ठेवायचा आणि पुण्यात बसलेल्या मॅडम बघणार, ऐकणार. पण निमगाव सावाच्या त्या वस्तीवर रेंज येते ती एकाच जागी, मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या कुंपणाला, म्हणजे वाघरीला, खेटून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. वाघरीची जाळी आणि सुप्रियाची खुर्ची यांत अंतर चार फूट. तिने टेपने मोजलं होतं.

सकाळी आठला पेपर सुरू झाला. साडेआठ ही मेंढ्या सुटायची वेळ. त्या दिवशी त्या सुटल्या नाहीत, कारण जानकू शब्दाला जागून खाटेवर तोंड मिटून बसला होता. मेंढ्यांनी कुणाला शब्द दिलेला नव्हता. आधी एक ओरडली, मग सगळ्या. सगळ्या म्हणजे किती, हे उघड केलेलं जानकूला आवडणार नाही म्हणून इथेही सांगत नाही.

स्क्रीनवर लाल पट्टी आली. 'आवाज येत आहे. खोली दाखवा.' सुप्रियाने मोबाइल चारही भिंतींवर फिरवला. दीड मिनिट गेलं. पुन्हा पट्टी, पुन्हा भिंती. तिसऱ्या वेळी खिडकीतून एका मेंढीने आत तोंड घातलं आणि कॅमेऱ्यात बघून रवंथ करत राहिली. सुप्रियाने दारातल्या आईला हातवारे केले, सोडा एकदाच्या. गजराबाईने तेच हातवारे नवऱ्याला केले.

आता, न मोजता मेंढी सोडायची नाही हा घरचा नियम. मंगळवारीच बिबट्याने एक कोकरू नेलं होतं. मोजायची रीत ठरलेली होती. जाळी जराशी उघडायची, मेंढ्या घोळक्याघोळक्याने उड्या मारत निघतात, प्रत्येक घोळक्याचा आकडा जानकूने पुकारायचा आणि गजराबाईने डोळे मिटून बेरीज करायची. जानकूची नजर पक्की, पण विसाच्या पुढे त्याची बेरीज सांडायची. गजराबाईची बेरीज पक्की, पण डोळ्यांत मोतीबिंदू. एकाने बघायचं, दुसऱ्याने जोडायचं. या पद्धतीवर सुप्रियाच्या पुस्तकात अख्खं प्रकरण होतं, फक्त त्यात मेंढ्या नव्हत्या.

"दोन!" जानकूने पुकारलं. "तीन! येक! चार! दोन!"

लाल पट्टी आली. 'दुसरी व्यक्ती उत्तरे सांगत आहे. निकाल राखून ठेवला आहे.' वेळ संपली तेव्हा सात प्रश्न तसेच राहिले होते.

"आबा, बोलायचं नाही म्हटलं होतं ना!"

"बोलायचं न्हाई म्हणलीस. मोजायचं न्हाई आसं कुटं म्हणलीस?"

आठवड्याने चौकशी झाली, तीही मोबाइलवर आणि त्याच खोलीत. मॅडमनी साक्षीदाराला समोर बोलावलं.

"तुम्ही आकडे का सांगत होता?"

"मेंढरं मोजत व्हतो, मॅडम."

"किती मेंढ्या आहेत?"

 परक्या माणसाला कळपाचा आकडा सांगितला की नजर लागते, हे जानकूला लहानपणापासून ठाऊक होतं.

"हायेत चार-दोन."

"चार-दोन मेंढ्या मोजायला तीस आकडे?"

"आबा, खरा आकडा सांगा!" सुप्रिया रडकुंडीला आली.

"तुला तुजी परीक्षा, मला माजा कळप."

मॅडम मान खाली घालून काहीतरी लिहू लागल्या. तेव्हा गजराबाईने मोबाइल हातात घेतला. "बाई, येकदम आकडा न्हाई सांगायचा आमी. पर मोजताना ऐका की. सुटं सुटं ऐकलेलं चालतंय."

मग जाळी उघडली, जानकूने पुकारलं आणि गजराबाईने पदर तोंडावर घेऊन बेरीज केली, म्हणजे पुण्याला ऐकू जाऊ नये.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. गैरप्रकार सिद्ध होत नाही. पुराव्यादाखल परीक्षेच्या दिवशीचे तीस आकडे क्रमाने जोडले आहेत. उमेदवाराच्या उत्तरांशी ते क्वचितच जुळतात. उमेदवाराचे गुण अकरा. अनुत्तीर्ण. नोंदणी रद्द.

सुप्रिया पत्र घेऊन पत्र्याच्या खोलीत बसली. मग, कागद समोर असताना न पडताळता सोडणं तिला जमत नसल्यामुळे, तिने जानकूचे तीस आकडे संस्थेने मोबाइलवर टाकलेल्या अधिकृत उत्तरांशी एकेक करून ताडून पाहिले. दोनदा पाहिले. बारा जुळत होते. नुसत्या योगायोगाने बारा किंवा जास्त जुळण्याची शक्यता विसात एक असते, हेही तिने काढलं.

"म्हंजी मी पास?" जानकूने विचारलं.

"तुम्ही पास."

"मंग शेठला सांग की, बाप पास झालाय, पोरीला बसवा."

"उगं फुगू नका," गजराबाई म्हणाली. "निस्तं वरडायला काय लागतंय? बेरीज माजी व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रियाने शेठना फोन लावला. बातमी ऐकून ते म्हणाले, "वाईट झालं गं. मग आता खुर्ची जिनेशला देतो. पुतण्याच आहे, बसेल कसाबसा."

साडेआठ झाले होते. पत्र्यापलीकडे जाळी उघडली.

"दोन! तीन! येक!"

"कोण ओरडतंय गं मागे?" शेठनी विचारलं.

"पास झालेला उमेदवार," सुप्रिया म्हणाली आणि पाकिटं काढायला कामावर कधी येऊ, ते विचारलं.