कुंदाकाकूंचं कार्ड

भिसेगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. दुपारी चारनंतर तिथे दळण घेऊन गेलेलं नवं माणूस हमखास दचकतं. मागच्या खोलीतून बाईमाणसाचा आवाज येतो, "भिंतीमागं लपलाय तो! बाँब टाक की रं रेड्या! हात मोडले का तुझे?"

जुनी गिऱ्हाइकं दचकत नाहीत. डबा काट्यावर ठेवून मालकिणीची लढाई संपायची वाट बघतात.

मालकीण म्हणजे कुंदाकाकू. वय साठ. भुवयांवर कायम पीठ आणि नाकावर कायम राग. विजेवर राग, ओलसर गव्हावर राग, आणि "बारीक दळा, पण फार बारीक नको" म्हणणाऱ्यांवर तर विशेष राग. "डोकं नको फिरवू माझं" हे वाक्य त्या नमस्कारासारखं वापरतात. काका गेल्यापासून गिरणी एकटीने चालवतात, आणि रोज चार ते सहा कॉम्प्युटरवर युद्ध खेळतात.

तो कॉम्प्युटर त्यांच्या भाच्याचा, निखिलचा. कर्जतला कॉलेजला असताना तो आत्याकडे राहायचा. खास गेमसाठी त्याने ते यंत्र जुळवलं आणि नोकरी लागून पुण्याला गेला तेव्हा आत्यालाच देऊन टाकलं. जाताना चार जणांच्या एका टोळीत तिचं नावही घातलं. त्यातली दोन पोरं लांबच्या शहरांतली, काकूंना आंटीजी म्हणणारी. तिसरा 'रेडा' हे नाव घेऊन खेळणारा. सगळ्यात जास्त शिव्या त्याला. तो फार बोलायचा नाही. कॉलेजातलं एखादं सोशीक पोरगं असेल, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या उन्हाळ्यात काकूंच्या पडद्यावर गुलाबी-हिरव्या रेघा यायला लागल्या. त्यातच गेमची सूचना आली की लवकरच नवी आवृत्ती येतेय, पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर ती चालणार नाही.

"माझं कार्ड म्हातारं झालं हे ह्यांनी सांगायचं? मला?"

बाजारातल्या दुकानदाराने आणखी तेल ओतलं. म्हणाला, नवं कार्ड लांब असतं, कॉम्प्युटरच्या या कॅबिनेटात मावणार नाही. शिवाय वीज जास्त खातं, म्हणजे पॉवर सप्लायही बदला. खरं तर सगळंच बदला.

"पट्टा तुटला म्हणून आख्खी गिरणी बदल म्हणतोय मेला!" काकू तरातरा घरी आल्या, कॅबिनेटच्या आत लाटणं घालून माप घेतलं आणि तेच लाटणं हातात धरून पुन्हा दुकानात शिरल्या. दुकानदार काउंटरखाली वाकला.

"माप दाखवायला आणलंय. तुला मारायला नाय!"

मग मी सापडलो. खालापूरकडच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो, आणि मला रविवारची सुट्टी असते, एवढा माझा गुन्हा. तीन महिन्यांचे रविवार काकूंनी खाल्ले. मी एकेक कार्ड दाखवायचो, त्या एकेक खोट काढायच्या. याला तीन पंखे कशाला, पीठ ओढून घेईल. हे फार पातळ. त्याच्यात रंगीत दिवे कशाला, गणपती बसवायचाय का? बरं, राहू दे जुनं, असं मी म्हटलं की लगेच, "मग रेघा काय तू पुसणार?"

शेवटी आखूड, कमी वीज खाणारं एक कार्ड मला सापडलं. लाटण्याच्या मापात बसणारं. ते घेऊन मी गेलो, कॅबिनेट उघडलं, ब्रशने पाव किलो तरी पीठ झाडलं आणि स्क्रू सोडवायला घेतला.

"नको," काकू म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. "काकू, तीन महिने! माझी बायको माझ्याशी बोलत नाही! घ्यायचंच नव्हतं तर सांगायचं ना पहिल्या दिवशी!"

त्या गिरणीत काकूंखेरीज कुणी ओरडण्याची ती पहिलीच वेळ असावी. दळणाला आलेल्या दोन बाया डबे तिथेच टाकून बाहेर गेल्या. काकू उठल्या आणि त्यांनी गिरणी बंद केली.

"रेड्याकडं जुनंच हाय," त्या म्हणाल्या. "मी नव्यात गेले की तो एकटा मागं ऱ्हातो."

"मग त्याला सांगा नवं घ्यायला!"

"मी बोलत नाय त्याच्याशी."

"रोज दोन तास बोलता! गल्लीला ऐकू येतं!"

"ते खेळातलं रं." त्यांनी पदराने उगाचच कीबोर्ड पुसला. "भाऊ हाय तो माझा. भास्कर. कुंभिवलीचा. निखिलचा बाप."

हायवेलगतचं आईच्या नावाचं शेत भावाने गोडाऊनवाल्याला विकलं होतं. त्याला दहा वर्षं झाली.

"शेताचा राग नाय," काकू म्हणाल्या. आवाज मात्र चढत गेला. "माझी सही पायजे होती. एजंट पाठवला! कागद घेऊन अनोळखी माणूस माझ्या दारात! सख्खा भाऊ, दोन पावलं नाय येववली? दिली सही. म्हटलं, आता तोंड बघणार नाय तुझं. नाय बघितलं."

"आणि हा खेळ?"

"त्यात तोंड कुठं दिसतं?"

त्या कार्ट्या निखिलने दोघांना एका टोळीत घालून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी काकूंनी भावाला खोकल्यावरून ओळखलं. त्यानेही ओळखलं असणारच. दोघंही त्यावर एक अक्षर बोलले नव्हते.

काकूंना पुन्हा जोर आला. "बघतोस काय? हे बसव. आणि असलंच आणखी एक आणून कुंभिवलीला जा. माझं नाव काढलंस तर तुझं दळण बंद."

पुढच्या रविवारी मी कुंभिवलीला गेलो. भास्करराव म्हणजे पीठ न लागलेल्या कुंदाकाकूच.

"कोणी पाठवलं?"

"निखिलने."

"खोटं बोलू नको! त्याला मी दोनदा हाकललाय नवं कार्ड घेऊन आला तेव्हा. म्हटलं, टोळीत एक माणूस जुन्यावर हाय, त्याला सोडून मी जायचो नाय." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तिकडं बसवलं का?"

"बसवलं."

ते बाजूला झाले. मी कार्ड बसवलं. चार वाजले, नवा खेळ उघडला, आणि स्पीकर फाटेल अशा आवाजात काकू गरजल्या, "रेड्या, मेलास का? किती वाट बघायची?"

भास्कररावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"आलो, ताई," ते म्हणाले.

स्पीकरमधून नुसता गिरणीचा घरघराट आला, मग तोही थांबला. मला वाटलं, लाईन तुटली.

"मग बोलत काय बसलायस?" काकूंचा आवाज आला, जरा घोगरा. "चल पुढं."