तंटामुक्त जगाची कोरी वही

इंदापूर तालुक्यातल्या बोरटाकळी गावात गेल्या नऊ वर्षांत एकही तंटा झालेला नाही. तंटामुक्त समितीच्या वहीत तशी नोंद आहे. म्हणजे नोंदच नाही.

त्यामुळे रंगूबाईंच्या डाळिंबात शेजारच्या विजयसिंहाचा ट्रॅक्टर शिरला, मागोमाग चार कोयतेवाले शिरले आणि दिवस मावळेपर्यंत अकरा गुंठे विहिरीसकट त्याच्याकडे गेले, तेव्हा या प्रकाराला म्हणायचं काय, हा पेच गावापुढे पडला. रंगूबाईंना एवढंच कळत होतं की विहीर गेली, आता उरलेली बागही उन्हाळा काढणार नाही. त्या समितीचे अध्यक्ष दादासो यांच्याकडे गेल्या.

"दादासो, वहीत लिव बाबा."

"काकी, लिवलं की तंटा झाला. आत्ता निस्ता गैरसमज हाय."

"कोयता दावला मला."

"त्यो बी गैरसमजातनंच दावला आसंल. सोमवारी परदेशी पाव्हणं यायचंत. तवर दोन्ही बाजूंनी संयम पाळायचा."

"माझी बाजू त्याच्या ट्रॅक्टरखाली हाय. संयम कुठं हुबी ऱ्हाऊन पाळू?"

दादासोंनी हा मुद्दा विचारार्थ ठेवून घेतला.

पाहुण्यांची अडचण मोठी होती. दूरदेशी दोन राष्ट्रं एका खोऱ्यासाठी भिडली होती. नीट सांगायचं तर एक राष्ट्र तोफा घेऊन आलं होतं आणि दुसरं तिथं राहत होतं. आंतरराष्ट्रीय परिषदेनं सतरा बैठका घेऊन तीव्र, अतितीव्र आणि अत्यंत अतितीव्र चिंता व्यक्त केली. पुढचं विशेषण कुणाला सापडेना, म्हणून तंटा नसलेलं गाव पाहायला अभ्यासदौरा निघाला. बारामतीत मुक्काम, बोरटाकळीत फेटे, झुणका-भाकरी आणि पाहणी.

शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी वही उघडली. पानामागून पान कोरं. हे कसं साधलं, असं त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं.

"आमी लिवतच न्हाय," दादासो नम्रपणे म्हणाले.

प्रमुखांनी चष्मा पुसला. सतरा बैठकांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात रंगूबाई मागून पुढे आल्या आणि त्यांनी हात जोडले. "सायेब, माझी हीर गेली. तेवढी माघारी द्यायला सांगा."

दुभाष्यानं दादासोंकडे पाहिलं. दादासोंनी विजयसिंहाकडे पाहिलं, कारण मंडप आणि जेवण त्याचं होतं.

"बाई आपलं स्वागत करतायत," दुभाष्या म्हणाला.

प्रमुख गहिवरले. त्यांनी फोटो काढला.

महिनाभरानं परिषदेनं खोऱ्याचा वाद कार्यक्रमपत्रिकेवरून एकमतानं वगळला. खोऱ्यात राहणाऱ्या राष्ट्राची खुर्ची तेवढ्यासाठी आधीच बाहेर नेऊन ठेवली होती, म्हणून एकमत लवकर झालं. अहवालाच्या मुखपृष्ठावर हात जोडलेल्या रंगूबाई होत्या. खाली मथळा होता, 'शांततेचा चेहरा'.

बाग तोवर करपली होती. बांधावर बसलेल्या रंगूबाईंना भावकीतल्या रावजीनं मोबाइलवर तो फोटो दाखवला.

"मी काय म्हनत व्हते, ते छापलंय का रं?"

"न्हाय काकी. पर फोटू लई झ्याक आलाय."

फोटो खरोखरच चांगला आहे. जगभर फिरला. तुमच्याही मोबाइलवर आला होता. तुम्ही खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलंत आणि पुढचा पाहायला घेतलात.