सेनापतींची तंगडी

"मावशी, उद्यापासून माझी तंगडी शाकाहारी करा," सेनापती म्हणाले.

नाटकाचं सामानसुमान सांभाळणाऱ्या मावशींनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. हातातली लाकडी तलवार खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बरं."

सेनापती म्हणजे काही खरे सेनापती नव्हेत. बारा वर्षं ते एकाच नाटकात खादाड सेनापतीचं काम करत होते, आणि आता गल्लीतला इस्त्रीवालासुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायचा. दुसऱ्या अंकात शत्रू किल्ल्याच्या दाराशी येऊन ठेपतो, राजा गयावया करतो, आणि सेनापती तहावर सही करण्याआधी कोंबडीची एक भली मोठी तंगडी शांतपणे संपवतात. संपली की हाड न बघता खांद्यावरून मागे भिरकावतात. ते विंगेत मावशींच्या टोपलीत पडतं आणि थिएटर डोक्यावर घेतलं जातं. सगळं नाटक या तंगडीवर उभं आहे, असं सेनापतींचं मत होतं. लेखकाचं मत वेगळं होतं, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

भानगड सुरू झाली ती तीन महिन्यांपूर्वी, घराच्या जिन्यात. दुसऱ्या मजल्यावर सेनापतींना धाप लागली आणि तिसऱ्यावर ते मटकन खाली बसले. डॉक्टरांनी काय काय बंद ते सांगितलं, आणि बायकोने घरी पोचेपर्यंत डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेलंही बंद केलं. मांस, मासे, अंडी, लोणी सगळ्यांची घरातून हकालपट्टी झाली. राहिल्या पालेभाज्या, कडधान्यं आणि सकाळ-संध्याकाळ एका हिरव्या भुकटीचा पेला. भुकटीत एकवीस वनस्पती आहेत असं डब्यावर छापलं होतं. चव मात्र एकाच वनस्पतीची यायची, आणि ती कुंपणाला लावतात ती.

"मी पिते ना तुमच्याबरोबर? मग तुम्हाला काय धाड भरलीय?" असं म्हणून बायको आपला पेला एका घोटात रिकामा करायची. तिच्यापुढे सेनापतींची कुरकुर चालत नसे.

पण गुण आला. अकरा किलो वजन उतरलं, जिना पायाखालून सरसर जायला लागला. सेनापतींनी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली, आणि ती फिरत फिरत भुकटीच्या कंपनीपर्यंत गेली. एक दिवस कंपनीचा साहेब पेढीवर बसल्यासारखा त्यांच्या कोचावर येऊन बसला आणि म्हणाला, "डब्यावर तुमचा फोटो टाकायचा म्हणतोय."

सेनापतींनी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं. तीस वर्षं ते रंगमंचावर होते. पोस्टरवर कायम शेवटून दुसरे, आणि तेही राजाच्या मुकुटामागे अर्धा कान दिसेल एवढेच. पहिला डबा घरी आला तेव्हा त्यावर त्यांचा सगळा चेहरा होता, दोन्ही कानांसकट. त्यांनी तो कपाटावर दाराकडे तोंड करून ठेवला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले. करारात अट एकच होती. मांसाला घरी, बाहेर किंवा रंगमंचावर तोंड लावायचं नाही. लावलं तर फोटो उतरणार.

म्हणून तंगडी शाकाहारी होणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात सेनापतींनी पहिला घास घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. पडदा पडताच ते तडक मावशींकडे गेले.

"काय होतं हे?"

"सुरण. उकडून, कुस्करून, धुरी देऊन खरपूस परतलेलं."

"तरीच! मावशी, बारा वर्षं खरी तंगडी खाल्लेली जीभ आहे ही. तिला फसवता येत नाही."

मावशींनी टोपली पदराआड घेतली.

मग हे रोजचंच झालं. आज फार मऊ आहे. आज मातकट लागते. आज धागे सुटत नाहीत. मावशी ऐकून घ्यायच्या आणि "बघते" म्हणायच्या. इकडे सेनापती घास घेताना कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करू लागले, आणि प्रेक्षकांतलं हसू हळूहळू ओसरलं. दिग्दर्शक चिडला. "तुम्ही तंगडी खाताय की औषध घेताय?" त्याने विचारलं. सेनापतींनी सगळं खापर सुरणावर फोडलं, तेही मावशींच्या देखत.

बुधवारी मात्र चमत्कार झाला. तंगडीत दात रुतले, धागे सुटले, रस ओघळून दाढीत गेला. सेनापतींनी डोळे मिटले. थिएटर खदखदून हसलं. त्यांनी मनगटापर्यंत बोटं चाटली आणि टाळ्या पडल्या.

"जमलं बुवा तुम्हाला!" त्यांनी आत येऊन मावशींची पाठ थोपटली. "याला म्हणतात सुरण!"

"आवडलं ना?" मावशी म्हणाल्या आणि टोपली उचलून चालत्या झाल्या.

गुरुवारीही तंगडी तशीच सुरेख. शुक्रवारी सेनापतींच्या मनात पाल चुकचुकली. सुरण एका रात्रीत इतकं सुधारतं कसं? त्यातच त्यांना विंगेत मांजर दिसलं. थिएटरचं म्हातारं मांजर बारा वर्षांत तिकीट खिडकीची गादी सोडून कधी इकडे फिरकलं नव्हतं. आता ते टोपलीला टेकून, पाय पोटाखाली घेऊन, दुसऱ्या अंकाची वाट बघत बसलं होतं.

"हे मांजर इथे कशाला?" सेनापतींनी विचारलं.

"नाटक बघायला आलं असेल."

"मावशी, तंगडीत नक्की काय घालता?"

"तुम्ही खाता ते घालते."

या उत्तराने सेनापतींचं समाधान झालं नाही. शनिवारी त्यांनी हाड भिरकावल्याचा नुसता अभिनय केला आणि ते, थोडा घास शिल्लक ठेवून, रुमालात गुंडाळून खिशात सरकवलं. घरी जाऊन भरउजेडात निवांत तपासू, असा बेत होता. पण घरी पोचल्यावर ते अंघोळीला गेले आणि बाहेर येऊन बघतात तो रुमाल गायब. त्यांनी खिसे उलटे केले, पिशवी झटकली, कोचाखाली वाकून पाहिलं.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"रुमाल."

"कपाटात सात आहेत." तिने पर्सची चेन ओढली. "उद्या दुपारच्या प्रयोगाला मी येणार आहे."

बायको दहा वर्षांत नाटकाला आली नव्हती. आणि उद्याचाच प्रयोग मुलखावेगळा होता. कंपनीचा साहेब चाळीस विक्रेत्यांना घेऊन पुढच्या रांगांत बसणार होता. प्रयोग संपला की सगळ्यांनी रंगमंचावर येऊन ती प्रसिद्ध शाकाहारी तंगडी चाखायची, सेनापतींबरोबर फोटो काढायचे, असं ठरलं होतं. शोभेला म्हणून सेनापतींच्या चेहऱ्याचे दोनशे डबे विंगेत रचून ठेवले होते. जिकडे बघावं तिकडे सेनापती स्वतःकडेच बघून हसत होते.

मध्यंतर होताच त्यांनी मावशींना प्रकाशयोजनेच्या खोलीत गाठलं आणि दार लावून घेतलं.

"मावशी, माझ्या गळ्याची शपथ घ्या. आजची तंगडी सुरणाची आहे ना?"

मावशींनी उसासा टाकला. "नाही."

"म्हणजे?"

"कोपऱ्यावरच्या खानावळीतून आणलीय. चांगली डझनभर. पाहुणे येणार म्हणून."

"आणि बुधवारपासून?"

"तीच. तुम्ही माझं डोकं खाल्लंत रोज. मऊ आहे, मातकट आहे. सगळ्यांसमोर माझ्या हाताला नावं ठेवलीत. म्हटलं, घ्या एकदाची खरी!"

"अहो, मग आधीची बारा वर्षं कुठून आणायचात?"

"कुठून आणणार? बारा वर्षं सुरणच खाताय तुम्ही. दिव्यांच्या उष्णतेत मांस टिकतं का पहिल्या अंकापासून? पहिल्या प्रयोगापासून सुरण. एक दिवस बदललं नाही."

ज्या जिभेचा एवढा तोरा मिरवला तिने अशी शोभा केली होती. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. अट पाळण्याच्या हट्टापायी रंगमंचावर कधीच न मोडलेली अट त्यांनी स्वतःच मोडायला लावली होती, आणि चार दिवस बोटं चाटून मांस खाल्लं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"मावशी, चुकलो. माझा चेहरा वाचवा."

मावशींना तेवढंच हवं होतं. त्यांनी पदर खोचला. अडीनडीला म्हणून उकडलेलं सुरण त्यांच्या जेवणाच्या डब्यात होतं, पण ते एकाच तंगडीपुरतं. मेकअपच्या टेबलावरच्या शेगडीवर त्यांनी ती वळली, परतली, आणि तिसरी घंटा झाली तेव्हा सेनापतींच्या ताटात ठेवली. खऱ्या बारा तंगड्या त्यांनी विंगेत रचलेल्या शोभेच्या डब्यांतल्या एका रिकाम्या डब्यात कोंबल्या आणि झाकण घट्ट लावलं.

सेनापती त्या दिवशी जीव मुठीत धरून खायला बसले. घास घेतला. चव ओळखीची होती, बारा वर्षांच्या ओळखीची, आणि त्यांना ती इतकी गोड लागली की डोळे भरून आले. गोंधळलेला, घाबरलेला, रडवेला सेनापती तंगडी चघळतोय हे बघून प्रेक्षक अक्षरशः खुर्च्यांवरून घसरले. अर्धी तंगडी त्यांनी शिल्लक ठेवली.

शेवटचा पडदा पडल्यावर साहेब विक्रेत्यांना घेऊन वर आला. मागोमाग पर्स छातीशी धरून सेनापतींची बायको.

"एकच?" साहेबाने ताटाकडे बघून विचारलं.

"हाताचं काम आहे," मावशी म्हणाल्या. "कारखाना नाही."

साहेबाने तंगडीचा तुकडा तोडला, जिभेवर घोळवला आणि त्याचा चेहरा कठोर झाला. "हे मांस आहे," तो म्हणाला. "पाच वर्षं मी मांसाला शिवलो नाही. माझ्या जिभेला बरोबर कळतं."

विक्रेत्यांत कुजबुज सुरू झाली. सेनापतींना दोनशे डब्यांवरचे आपले दोनशे चेहरे एकेक करून उतरताना दिसू लागले.

मावशी पुढे झाल्या. त्यांनी साहेबाच्या हातातून तंगडी काढून घेतली, सुरण सगळं ओरबाडून काढलं आणि आतलं हाड त्याच्यापुढे धरलं. ते लाकडाचं होतं. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं, आणि दोन्ही टोकांना दातांच्या खुणाच खुणा.

"मी कोरलंय. बारा वर्षांपूर्वी. दात यांचे आहेत, हवं तर लावून बघा."

साहेबाने हाड उलटसुलट करून पाहिलं. सेनापतींनीही ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. हळूहळू साहेबाचे डोळे चमकू लागले. "बारा वर्षं! म्हणजे रंगमंचावर बारा वर्षं नुसता वनस्पतींवर जगलेला माणूस! अहो, हे आधी नाही का सांगायचं? डब्यावर छापू आपण!"

टाळ्या पडल्या, फोटो निघाले. त्या गडबडीत सेनापतींचं लक्ष बायकोकडे गेलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती लाकडी हाडाकडे बघत होती, आणि मग पर्सकडे.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने पर्स उघडली आणि रुमाल टेबलावर उलगडला. आत कालचं हाड होतं. त्यात लाकडाचा अंशही नव्हता.

सेनापतींनी लपवाछपवी केली नाही. बुधवारपासूनचं सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून बसले. बायकोने हाड उचलून हुंगलं.

"कोपऱ्यावरची खानावळ म्हणालात?"

"हो."

"त्या बारा तंगड्यांचं काय झालं?"

सेनापतींनी मुकाट्याने पिशवीतून डबा काढला. निघताना मावशींनी तो "घरी जाऊन उघडा" म्हणून हातात दिला होता. बायकोने झाकण काढलं. घरभर वास सुटला. ती खुर्ची ओढून बसली, बाह्या वर केल्या आणि सगळ्यात मोठी तंगडी उचलून तिने असा घास घेतला की तसा सेनापतींना बारा वर्षांत जमला नव्हता.

"अगं!" सेनापती ओरडले. "अट आहे आपली!"

बायकोने नीट चावून घास गिळला. हिरव्या भुकटीचा पेला त्यांच्यासमोर सरकवला आणि डबा फिरवून त्यावरचा चेहरा त्यांच्याकडे केला.

"डब्यावर तोंड तुमचं आहे," ती म्हणाली. "माझं नाही."