युनूसभाईंचा दमलेला कॉम्प्युटर

युनूसभाईंना मी कामचोर समजलो आणि तसं बोलूनही दाखवलं. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगताना शहाणपणाचा आव आणायची सोय राहणार नाही.

पण तुम्हीच सांगा, मी काय समजायचं होतं? भिवंडीजवळ राहनाळला मी गोदामाचा मॅनेजर. तिथे ट्रकचे गेटपास युनूसभाई बनवतात. एक पास छापला की हा गृहस्थ कॉम्प्युटर बंद करायचा. पुढचा ड्रायव्हर आला की पुन्हा चालू. कॉम्प्युटर आधीच म्हातारा. तो जागा होईपर्यंत चहा येऊन, पिऊन, कप परत गेलेले असायचे.

"युनूसभाई, चालू राहू द्या ना!"

"साहेब, त्याला पण दम लागतो," ते शांतपणे म्हणायचे.

भिवंडीच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातला हा साठीचा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, एका बोटाने टायपिंग. संध्याकाळी ते कॉम्प्युटरवर पॉवरलूमचं मऊ कापड पांघरायचे, थंडीत दुहेरी. कुणी माऊस आपटला की ओरडायचे, "ए, हळू! बुजुर्ग आहे तो!"

आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत असताना समोरच्या ड्रायव्हरची चौकशी चालायची.

"बैठ, बैठ. मशीन सोच रहा है. किधर से आया?"

"इंदौर से, चाचा."

"खाना खाया? पिछली बार बेटी का इम्तिहान था ना? पास हुई?"

सोयरीक जुळवतानाही एवढे प्रश्न कुणी विचारत नसेल.

शेवटी मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, रॅम वाढवा, अजून काही वर्षं पळेल. नाहीतर सरळ नवीन घ्या." मी आठवडाभर या दोन्हींत लोंबकळत राहिलो आणि मग युनूसभाईंना विचारायची चूक केली.

"म्हाताऱ्याला जवान दिल बसवायचं? बाकीचं शरीर झेपेल का साहेब?"

"मग नवीन घेऊ."

"नवीन नको. नवा माणूस आधी कुणाचं ऐकत नाही."

"मग करायचं काय?"

"काही करायचंच कशाला?"

माझं डोकं फिरलं. समोर चार ड्रायव्हर बसलेले. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "कॉम्प्युटर ठीक आहे हो. बदलायला तुम्हालाच पाहिजे."

ड्रायव्हरांनी माना खाली घातल्या. युनूसभाई कापडाची घडी घालत एवढंच म्हणाले, "जशी मर्जी, साहेब."

नवीन कॉम्प्युटर आला. पापणी लवायच्या आत पास तयार! मी खूश. पण ऐन मे महिन्यातल्या एका दुपारी ऑफिसात आलो, तर छापलेला पास हातात धरून युनूसभाई चष्मा पुसत बसलेले. पास वाचला, पुन्हा चष्मा पुसला, पुन्हा वाचला. समोर एक वयस्कर ड्रायव्हर, हातात पाण्याचा ग्लास.

"आता कशाची वाट बघताय?" मी वैतागून विचारलं.

"पाणी तरी संपवू दे त्याला. पास दिला की त्याला बाहेर जावं लागेल. दारावर तुमची सूचना आहे ना."

सूचना माझीच होती. 'गेटपास मिळताच ड्रायव्हरांनी बाहेर थांबावे.' मागे कधीतरी माझा मोबाईलचा चार्जर दिसेना, म्हणून लावलेली. चार्जर नंतर माझ्याच बॅगेत सापडला. सूचना काढायची राहून गेली. आत कूलर आणि बाकं, बाहेर तापलेला पत्रा. आणि पास मिळाल्यावरही ट्रक भरायला अख्खी दुपार जाते.

"म्हणून तुम्ही दर वेळी कॉम्प्युटर बंद करत होतात?"

चोरी पकडल्यासारखे ते हसले. "मी पण गाडी चालवायचो साहेब, डोळे अधू होईपर्यंत. ड्रायव्हरला जो तो म्हणतो, गाडी हटव. बस असं कुणी म्हणत नाही."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर मुद्दाम केलेल्या उशिराचं तुम्हाला वरच्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. तुमची पण नोकरी आहे. मशीनवर ढकललं तर ते बिचारं काय बोलणार?"

म्हणजे ज्या माणसाला मी चारचौघांत हिणवलं, तो माझीही नोकरी सांभाळत होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी दारावरचा कागद फाडला. बाहेर जाऊन ट्रकच्या सावलीत बसलेल्यांना आत बोलावलं. ते बिचकतच आले. त्या दिवशी माना खाली घालणाऱ्यांपैकी दोघे त्यांत होते. बाकं भरली. युनूसभाई उठून त्यांना ग्लास देऊ लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"युनूसभाई, मी तुम्हाला यांच्यासमोर बोललो होतो. ते चुकलं माझं."

मग सगळ्या बाकांना कळावं म्हणून, माझ्या मोडक्या हिंदीत, तेच पुन्हा मोठ्याने म्हणालो, "गलती मेरी थी, युनूसभाई. मुझे माफ करना."